राज्य गेल्यानंतरचा धर्म

मालाड स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून मार्वेचा रस्ता धरला, की ऑर्लेम, खारोडी, मालवणी अशी गावे एकामागून एक लागतात. गावे म्हणायची ती आपली जुनी सवय. आता ती उंच इमारतींच्या पायाशी दडलेली गावठाणे आहेत. तरीही रस्त्याच्या वळणावर, एखाद्या कौलारू घराच्या अंगणात, कोठे पारासारख्या उंच ओट्यावर दगडी क्रूस उभा दिसतो. त्याच्या बाहूंवर कोणी झेंडूचा हार घातलेला असतो आणि पायाशी वितळलेल्या मेणाचे थर साचलेले असतात. परगावचा मनुष्य ते दृश्य प्रथम पाहतो तेव्हा जरा घोटाळतो. क्रूस आहे, आणि झेंडूही आहे! मी त्या क्रुसांच्या आसपासच वाढलो. त्यांत घोटाळण्यासारखे काही असेल हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ते मला वर्गातल्या एका मुलाने शिकविले.

त्या दिवशी मी वसईची मोहीम शिकवीत होतो. चिमाजीअप्पांचा वेढा, सुरुंगांची तयारी, खंदकाच्या काठावर पडलेली माणसे; मुले अगदी तल्लीन होऊन ऐकत होती. तट फुटला त्या जागी मागच्या बाकांवरून टाळ्याही पडल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. मी स्वतः लहानपणी त्याच जागी टाळ्या वाजविल्या आहेत. तास संपत आला तेव्हा एका मुलाने हात वर केला. मुलगा हुशार, मनात काही वाकडे नसलेला. तो म्हणाला, “सर, तेव्हा तुमचे लोक कुणाच्या बाजूने होते?”

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. मी घड्याळाकडे पाहिले, “उद्या सांगतो” म्हणालो आणि घंटा होताच बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी मी भूगोलाचे पुस्तक काढले.

मी इतिहाससंशोधक नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. दफ्तरे चाळण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही. पण जे छापील ग्रंथांतून हाती लागते आणि जे आमच्या ओट्यांवर अजून डोळ्यांना दिसते, ते एकमेकांशेजारी ठेवून त्या मुलाला उत्तर देता येईल का, हे मला पाहायचे आहे.

आरंभ आमच्या बाजूने फारसा शोभादायक नाही, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थही नाही. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई, तिच्या ताब्यातील साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, अशी ह्या नावाची फोड सांगतात. आपले मालाड त्यातलेच. सरदारांमागोमाग पाद्री आले. अंतोनियो दो पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी ह्या भागात आला, आणि त्याने काय केले हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यात जावे. आठव्या शतकाच्या सुमाराचे ते शैव लेणे. आत नटराज आहे, शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा आहे, आणि त्याच लेण्यात एका भिंतीवरची जुनी शिल्पे तासून त्यावर कोरलेला मोठा क्रूस आहे. वर टेकाडावर देवळाचे आणि मठाचे पडके अवशेष उभे आहेत. १५४४ साली लेण्याचे ख्रिस्ती देऊळ झाले. त्या क्रुसासमोर मी अनेकदा उभा राहिलो आहे. ज्या खुणेपुढे आमच्या घरात रोज संध्याकाळी दिवा लागतो, तीच खूण तेथे दुसऱ्याच्या देवावर घाव घालून उमटविलेली आहे. तेथे माझे हात जोडले जात नाहीत. मान मात्र खाली जाते, ती कशासाठी हे ज्याचे त्याने समजावे.

त्या काळात जे ख्रिस्ती झाले ते सगळे जुलमाने झाले असे म्हणणे सोपे आहे, आणि सगळे साक्षात्काराने झाले असे म्हणणे तर त्याहूनही सोपे. मनुष्य इतका सरळ प्राणी नाही. कोणी जमिनीसाठी झाला असेल, कोणी अंमलदाराच्या धाकाने, कोणी दुष्काळात पेजेसाठी. आणि कोणी एखाद्या पाद्र्याने आजारपणात उशाशी बसून पाणी पाजले म्हणूनही झाला असेल. आमच्या पूर्वजांपैकी कोण कोणत्या वाटेने गेले हे आज कोणालाही सांगता येणार नाही. १५७५ साली एरंगळच्या समुद्रकाठी संत बोनाव्हेंचरचे देऊळ उभे राहिले. ते पाहताना मला नेहमी वाटते, की ते बांधणाऱ्या गवंड्यांना आपण काय बांधतो आहोत हे कळायला दोनतीन पिढ्या लागल्या असतील.

ह्या सक्तीच्या राज्यात एक गोष्ट मात्र चांगली घडली, आणि ती राज्यकर्त्यांमुळे नव्हे तर काही पाद्र्यांच्या हौसेमुळे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले, मराठी ओव्यांत. हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण वसईच्या बाजूचे पुराण फार थोड्यांना ठाऊक असते. फ्रान्सिस्को वाझ द गिमराईंश ह्या पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा उत्तर कोकणच्या बोलीत रचली. ती १६५९ साली लिस्बनला छापली गेली आणि १८४५ साली मुंबईत पुन्हा छापावी लागली. दोन छपायांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर! ज्या पुस्तकाचे राजे गेले, छापखाने दूर राहिले, ते पुस्तक दोनशे वर्षांनी पुन्हा कोणाला हवेसे वाटले? ते उपवासाच्या दिवसांत म्हणणाऱ्या कोळ्याशेतकऱ्यांनाच ना? आमच्या माणसांना लॅटिन कधी कळले नाही. त्यांना ख्रिस्त भेटला तो आपल्याच बोलीत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे यावे. पोर्तुगिजांच्या अमलात हिंदूंना उघडपणे पूजाअर्चा, लग्नमुंजी करण्याची बंदी होती आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा हात इकडेही पोचत असे. त्या छळाला विटून जी माणसे पेशव्यांकडे गेली, त्यांत अंजूरचे गंगाजी नाईक यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण त्यांच्याबरोबरच दुसरे एक नाव येते, अंताजी रघुनाथ कावळे यांचे, आणि ते होते ह्याच मालाडचे. मला हे पुष्कळ वर्षे माहीत नव्हते. ज्या दिवशी वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. मोहिमेची ठिणगी माझ्या गावातल्या एका माणसाच्या अपमानातून पडली होती, आणि तो अपमान माझ्या धर्माच्या नावाने झाला होता. त्याच्या शेजारच्या आळीत कदाचित माझा खापरपणजा राहत असेल. तो काही बोलला असेल का? बहुधा नसेल. गरीब माणूस सरकारी माणसापुढे काय बोलणार? आपण आज तरी काय बोलतो?

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज अंमलदार, बडे जमीनदार, गोरे पाद्री गलबतांत बसून गोव्याकडे निघून गेले. वसईच्या देवळांतल्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या. नाशकाच्या नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरास आणि मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर त्या घंटा आजही पाहायला मिळतात. मी त्या पाहिल्या आहेत. भीमाशंकरास तर मी गर्दीत उभे राहून ती घंटा वाजविलीही आहे. तिचा आवाज चांगला आहे. पण मनात विचार आला तो इकडे मागे राहिलेल्यांचा. घंटा गेल्या, राजा गेला, बहुतेक मोठी देवळे ओस पडली, त्यांच्या छपरांतून वड-पिंपळ उगवले. ख्रिस्ती होण्याने आता ना जमीन मिळणार होती ना अंमलदाराची मर्जी. उलट जेत्यांचा धर्म निराळा, आणि त्यांच्या मनात जुना राग ताजा. मग मालाड, मार्वे, एरंगळच्या शेतकऱ्याकोळ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केले?

धर्म जर केवळ राज्याचा शिक्का असता तर तो त्या पावसाळ्यातच धुऊन गेला असता. तसे काही ठिकाणी झालेही. वसई भागात १८२० च्या सुमारास काही कुटुंबे प्रायश्चित्त घेऊन हिंदू धर्मात परतली. त्यांना पुढे ‘नवे मराठे’ म्हणू लागले. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण बहुसंख्य राहिले. का राहिले, ह्याचे एक उत्तर असे, की परतीची दारे सहज उघडणारी नव्हती. जातीतून गेलेल्याला जातीत घेणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. हे खरेच आहे, आणि ते मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाइलाज आणि निष्ठा यांच्यामध्ये कोणी कुंपण घातलेले नसते. परंतु नाइलाजाने माणूस कागदावर ख्रिस्ती राहतो. तो नवी मेणबत्ती लावीत नाही.

आणि मेणबत्त्या लागत होत्या, ह्याला साक्षीदार आहे. आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच पंडित, ज्याने पुढे पारशांच्या धर्मग्रंथांचे भाषांतर केले, तो १७६० साली साष्टीत फिरून कान्हेरीच्या लेण्यांस गेला. वाटेत त्याने ठाण्यात ख्रिस्ती लोकांचा उत्सव पाहिला आणि मराठ्यांच्या राज्यात हे लोक मोकळेपणाने आपला धर्म पाळतात, असे नमूद करून ठेवले. देवळांची व्यवस्था एतद्देशीय पाद्र्यांकडे, बहुतेक गोव्याकडच्या, आली होती. पाद्री थोडे आणि गावे पुष्कळ. वसई पडून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती, म्हणजे एक सबंध नवी पिढी अशी होती की जिने पोर्तुगीज राज्य पाहिलेच नव्हते. ह्या पिढीला ख्रिस्ती होण्याची सक्ती कोणी केली नव्हती. ती पिढी क्रुसापुढे का उभी राहिली, तर तिचे आईबाप उभे राहत होते म्हणून. माझ्या मते आमच्या धर्माचा खरा जन्म १५३४ सालचा नव्हे. तो ह्या एकवीस वर्षांतला आहे.

ह्या ठिकाणी मराठी राज्याच्याही पदरात त्याचे माप टाकले पाहिजे. जेत्यांना उट्टे काढता आले असते, कारण सबब तयार होती. शरण आलेल्यांना धर्म पाळण्याची मोकळीक तहात होती, आणि ती मोकळीक कागदावरच राहिली नाही हे वर सांगितलेल्या फ्रेंच साक्षीवरून दिसते. वर्गात टाळ्या पडतात त्या तट फुटल्यावर. ह्या दुसऱ्या गोष्टीवर कधी पडत नाहीत, कारण ती आम्ही मास्तर लोक शिकवीत नाही.

मराठी अमलाचा आणखी एक उपकार आमच्यावर झाला असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, तो तेवढ्याच किमतीला घ्यावा. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात कोणती गाणी म्हणायची नाहीत, हळद लावायची नाही, धोतर नेसायचे नाही, अंगणात तुळस ठेवायची नाही, अशी त्यात यादीच होती. तीन वर्षांनी वसई पडली आणि ह्या बाजूला ते फर्मान बजावणारा कोणी उरला नाही. म्हणूनच की काय, आमच्या बायका लुगडे नेसत राहिल्या, लग्नाला मांडव पडत राहिला, वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणण्याचा विधी चालू राहिला, आणि भाताची पहिली लोंबी ऑक्टोबरात देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेरा टिकला. वांद्र्याच्या डोंगरावरची मारिया कोळ्यांची मोतमाउली झाली ती अशीच. ‘मोंत’ हा पोर्तुगीज शब्द, त्याला आमच्या माणसांनी आपली माउली जोडली. क्रुसावरचा झेंडू तेथला आहे.

इतके चांगले लिहिल्यावर वाईटही लिहिले पाहिजे. आमचे पूर्वज क्रुसापाशी गेले, पण जात घरी ठेवून गेले नाहीत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ख्रिस्ती लोकांच्या जाती हिंदूंच्या जातींसारख्याच मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. बाप्तिस्मा एकाच पाण्याचा, पण कोळ्याची मुलगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही! माझ्या नात्यातच एक लग्न ह्या कारणाने मोडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मुलीचा बाप दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसणारा, हाताने दानधर्म करणारा, आजाऱ्यापाशी रात्ररात्र जागणारा मनुष्य होता. तो वाईट नव्हता. म्हणूनच ती गोष्ट मला अजून सलते. वाईट माणसाने वाईट वागणे हा इतिहास नव्हे. चांगल्या माणसाला एका जागी धर्म आठवत नाही, हा इतिहास आहे.

आणि एकदा तर आम्ही धर्मासाठी भांडता भांडता धर्मच विसरलो. मुंबईतल्या देवळांवर सत्ता कोणाची, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या बिशपाची की रोमहून थेट आलेल्याची, हा तंटा अठराव्या शतकापासून चालला होता. १८५३ साली बिशप हार्टमन यांनी माहीमच्या देवळात स्वतःला कोंडून घेतले आणि बाहेर दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी वेढा घातला. आत प्रार्थना, बाहेर प्रार्थना. दोन्हीकडे तोच क्रूस. शेवटी इंग्रज सरकारला मध्ये पडावे लागले. ह्या दुहेरी अमलाचा निकाल १९२८ साली लागला, तोवर एकेका वाडीत दोन देवळे आणि दोन तोंडे अशी स्थिती होती. वसईचा वेढा पाठ्यपुस्तकात आहे. माहीमचा नाही, तो असता तर मुलांना चांगली करमणूक झाली असती.

साष्टी १७७४ साली इंग्रजांनी घेतली. नोकऱ्या निघाल्या, गोव्याहून आणि मंगळुराहून शिकलेली ख्रिस्ती माणसे आली. त्यांच्यापासून आपण निराळे, कंपनीच्या जुन्या चाकरीतले, हे दाखविण्यासाठी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आमच्या पुढाऱ्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट इंडियन! नावाला हसू येते, पण त्यामागे पोटाची चिंता होती. तिला हसू नये.

त्यानंतर नऊ वर्षांनी प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. रोगाचे नाव उघड करणे म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा रोष पत्करणे होते. त्यांनी ते केले, आणि पुढे हाफकिनची लस निघाल्यावर सुमारे १८,००० लोकांना स्वतःच्या हाताने टोचली. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याखालून आपण रोज जातो आणि वर पाहत नाही. त्यांनी हे ख्रिस्तासाठी केले असे मी म्हणणार नाही, कारण मनातले कारण पुतळ्यावर कोरलेले नसते. आणि तसे म्हणायचे झाले तर त्याच साथीत पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, त्यांचे काय? आम्ही ख्रिस्ती लोक सेवेचा विषय निघाला की तो आपल्या मालकीचा असल्यासारखे बोलतो. मला ते आवडत नाही. ज्या जखमी वाटसरूला धर्ममार्तंड ओलांडून गेले आणि ज्याला परक्या शोमरोन्याने उचलले, त्याची गोष्ट आमच्याच शास्त्रात आहे. ती आमच्या कौतुकासाठी सांगितलेली नाही.

प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या वाड्यावाड्यांतून क्रूस उभे राहिले. रोग येथवर यावा, पुढे येऊ नये, म्हणून सीमेवर घातलेली ती मनाची चौकी होती. देवळे बंद, माणसे झोपड्यांतून रानात गेलेली. तेव्हा लोक क्रुसापाशी जमत आणि घरातले वडीलधारे प्रार्थना म्हणत. १७३९ नंतर जे झाले तेच पुन्हा झाले, एवढेच.

आता माझ्या आजीविषयी दोन शब्द. ती वाचून शहाणी झालेली नव्हती. दहा आज्ञा तिला ओळीने कधी म्हणता आल्या नाहीत. सहावी आणि नववी यांत ती नेहमी घोटाळा करी. आमची भाताची थोडी जमीन होती. घरापुरते ठेवून उरलेला तांदूळ ती अंगणातच विकायची. दशमान मापे येऊन वर्षे लोटली होती, तरी तिची पायली सुटली नव्हती. ती पायली भरी, हाताने दाबी, मग वर शीग चढवी. दाणे घरंगळून सुपात पडत तेव्हा ती थांबत असे. मी एकदा म्हटले, “आजी, काठोकाठ भरलं तरी माप पुरतं होतं की.” आमच्या अंगणातला क्रूस विक्रीच्या जागेपासून चार हातांवर होता. तिने त्याच्याकडे नुसती हनुवटी उडविली आणि म्हणाली, “तो बघतोय ना, बाबा.”

मला तेव्हा वाटले, ही त्याला भिते. पुढे लक्षात आले, की भिणारा माणूस काठोकाठ भरून थांबतो. शीग भीतीने चढत नाही. आणखी एक लक्षात आले. तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्या जातींची माणसे होती, आणि ज्या घराशी आमचे लग्न मोडले त्या घराला शीग सगळ्यांत उंच मिळे. ती त्या बाबतीत एक शब्द बोलली नाही. लग्न मोडताना तिचे कोणी ऐकले नव्हते. पायली मात्र तिच्या हातात होती.

आमची जमीन गेली. कशी गेली ती हकीकत लांब आहे आणि ह्या लेखाची नव्हे. आगेरा अजून होतो. लोंब्या बाहेरगावाहून मागवाव्या लागतात, कारण आमच्या गावठाणाच्या आसपास भात लावायला वावभर शेत उरलेले नाही. मुले त्या लोंब्या हातात धरून फोटो काढतात. त्यांतल्या पुष्कळ मुलांना मराठी प्रार्थना येत नाही, कारण शाळा इंग्रजी आणि मिस्साही इंग्रजी. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६० नंतरच्या दशकात लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत उपासना करण्याची परवानगी दिली. आमच्यापैकी पुष्कळांनी त्या परवानगीचा उपयोग इंग्रजीसाठी केला. वसईच्या बाजूस हे इतके झाले नाही. तेथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठीत लिहीत राहिले, वसईची हिरवी जमीन वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरले, धमक्या सोसल्या. आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस, म्हणजे आताच्या धाराशिवास, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही काही जणांनी विचारलेच, की पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा? प्रश्न माझ्या विद्यार्थ्याचाच, फक्त विचारणारे मोठे होते आणि त्यांच्या मनात वाकडे होते. फादर २०२४ साली गेले.

एरंगळची जत्रा जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी भरते. समुद्रकाठच्या त्या जुन्या देवळापाशी माणसांचा पूर लोटतो, आणि त्यात सगळे ख्रिस्तीच असतात असे मुळीच नाही. मागच्या खेपेस तो मुलगा तेथे भेटला. आईवडिलांबरोबर आला होता; आईचा कसलासा नवस होता. तिने मेणबत्ती विकत घेतली आणि कोठे लावायची म्हणून इकडेतिकडे पाहू लागली. शेजारी लुगडे नेसलेली एक म्हातारी बसली होती, तिने सरकून जागा करून दिली, वाऱ्याला पदराचा आडोसा धरला, आणि पहिली काडी विझली तेव्हा आपल्या जळत्या मेणबत्तीवर तिची मेणबत्ती लावू दिली. मुलगा माझ्याकडे आला. हातात खाजा होता. म्हणाला, “सर, तुम्ही ते सांगणार होता ना?”

मी म्हटले, “कुणाच्या बाजूने होते, तेच ना?”

“हो.”

म्हातारीच्या बाजूला अजून थोडी जागा होती. मी त्याला घेऊन तेथे बसलो, आणि अंताजी रघुनाथांपासून सुरुवात केली.